इंजिनाचा वाटा

गेट न्दारच्या वाळूत माखोन सेक मला दार दाखवतो.
दार म्हणजे पाणी.
"इथे कडी होती," तो म्हणतो, आणि हात
कडीच्या उंचीवर हवेत थांबवतो.
मी लिहिते: दार, एक. लाकडी. निळं?
"हिरवं. दोनदा रंगवलेलं. खालून अजून निळं."

माझ्या फॉर्मला सतरा रकाने.
डाकारला मी न्यायावर प्रबंध लिहिला होता, पन्नास पानांचा.
त्यात समुद्र एकदाही आला नाही.
इथे रकाना नऊ विचारतो: नुकसानीचं कारण.
पर्याय तीन. लाट, वारा, इतर.
मी 'इतर'वर पेन टेकवते. शाई पसरते.

"इतर म्हणजे कोण?" अराम विचारते,
सुकत घातलेल्या मासळीवरच्या माशा हाकलत.
मी सांगू लागते: दूरची शहरं, गिरण्या,
दोनशे वर्षांचा कोळसा,
ज्यांनी जाळला ते मेलेले,
ज्यांना भोगायचंय ते जन्मायचे,
आणि हेतू तर कुणाचाच नव्हता...
"हेतू माझ्या जावयाचाही नव्हता," ती म्हणते.
"शेजाऱ्याची बकरी त्याच्या गाडीखाली आली.
बकरी दिली त्यानं. रडत दिली, पण दिली."

माखोन उलट्या होडीच्या सावलीत बसतो,
बोटानं वाळूत रेघा ओढतो.
मासळी आली की वाटे कसे पडतात, ठाऊक आहे का पोरी?
एक वाटा होडीचा. एक जाळ्याचा.
एकेक प्रत्येक खलाशाचा.
ज्या घरचा माणूस परतला नाही
त्या घरी ओंजळभर, न मोजता.
आणि एक वाटा इंजिनाचा.
इंजिन मासे खात नाही,
तरी त्याचा वाटा सगळ्यात आधी काढायचा,
कारण ते झिजतं, कारण त्याला तेल लागतं,
कारण त्याच्याशिवाय आपण किनाऱ्यावरच.

"तुझ्या त्या शहरांनी इंजिनाचा वाटा उचलला. ठीक.
जाळ्याचा उचलला, होडीचाही.
समुद्राचा कुणी काढून ठेवला?
आता तोच वसुलीला निघालाय,
आणि त्याला पत्ता माझा मिळाला."

हे मी समासात लिहून घेते.

थांब, तो म्हणतो, आणखी एक लिही.
चौऱ्याऐंशीपासून माझ्याकडे यामाहा आहे.
आधी आठ घोडे, मग पंधरा, आता चाळीस.
रोज दोन कॅन पेट्रोल, लांब गेलो तर तीन.
त्याचाही धूर त्यात गेला असेलच ना?
तेवढा वजा कर.

वजा?

"माझ्या भरपाईतून. किती होतो,
त्याचा हिशेब असेल तुमच्याकडे."

हिशेब आहे. फोनमध्ये आहे.
आकडा मी त्याला सांगत नाही.
दशांश चिन्हानंतर इतकी शून्यं येतात
की ती मोजायची मला लाज वाटते.
आणि फॉर्मला 'वजा' असा रकानाच नाही.
ज्यानं तो छापला त्याच्या मनातही आलं नसावं
की बुडणारा माणूस स्वतःहून म्हणेल,
मीही काही देणं लागतो.

ओहोटीला आम्ही कबरस्तानाकडे जातो.
कबरींवर जुनी जाळी पसरलेली,
मेलेल्या कोळ्यांना पांघरूण घालावं तशी.
पहिली रांग आता नाही.
दुसरीत त्याचा बाप.
रकाना अकरा: स्थलांतर करणाऱ्या व्यक्ती.
मी सकाळीच सात लिहून ठेवले आहेत.
माखोन जाळ्याची सुटलेली गाठ पुन्हा मारतो
आणि वर न बघता म्हणतो, आठ.

संध्याकाळी कार्यालयाची गाडी येते. डिझेलची.
अराम कागदात बांधलेला मासा खिडकीतून आत सरकवते.
हा कुणाच्या वाट्यातला, मी विचारते.
"मोजलेला नाही."
गाडी तिसऱ्या खेपेला सुरू होते.
मागच्या काचेतून दिसतं:
माखोन आमच्या धुराकडे बघत उभा,
ओठ हलतायत,
एकेक बोट मिटत चाललंय.